जय कोणाचा?

दिवाळीच्या सुटीत माझा पुतण्या चार दिवस आमच्याकडे राहावयास आला होता. तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. येताना त्याने अभ्यासाची पुस्तके आणली होती खरी, परंतु ती पिशवीतून बाहेर आल्याचे घरात कोणी पाहिले नाही. बाहेर आला तो त्याचा संगणक. एके सायंकाळी चहाचा पेला हातात घेऊन मी सहज त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो, तो पडद्यावर धुळीचे लोट उठलेले दिसले. एक लांबट मैदान, दोन्ही बाजूंस पायऱ्यापायऱ्यांनी बसलेला जनसमूह, मध्यभागी एक लांब कठडा आणि त्याच्या टोकाशी वळण घेणारे रथ. पुतण्याचा रथ वळणावर कठड्यास घासला, मागे पडला आणि शर्यत संपली.

"हरलास का रे?" मी विचारले.

"हो काका. पण काही बिघडत नाही, पुन्हा सुरू करतो."

तिसऱ्या खेपेस त्याचा रथ पहिला आला. "जिंकलो!" असे म्हणून त्याने हात वर केले. मी थट्टेने विचारले, "कोण जिंकले? तू, की तो रथातला मनुष्य?" तो हसून म्हणाला, "काका, तो मीच की!"

उत्तर चटकन मिळाले, आणि त्याच्या दृष्टीने ते पुरेसेही होते. माझा मात्र तो प्रश्न तेथे मिटला नाही. रथांच्या शर्यतीत 'जिंकलो' असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद या पोरांच्या खेळाहून फार जुना आहे. ज्या ग्रीक लोकांनी या शर्यतींस वैभव आणले, त्यांनी त्याचे जे उत्तर दिले ते आपणांस चमत्कारिक वाटेल असे आहे.

प्रथम त्या मैदानाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. २०१७ साली निघालेल्या 'असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स' या खेळात क्लिओपात्राच्या काळातील इजिप्त उभा केलेला आहे, आणि त्यातील हे मैदान म्हणजे अलेक्झांड्रियाचे लागेऑन. हे नाव कल्पित नाही. टॉलेमी घराण्याचा मूळपुरुष जो लागोस, त्याच्या नावावरून ते पडले. सेरापिसच्या देवालयाच्या टेकडीलगत हे ग्रीक धर्तीचे शर्यतीचे मैदान होते. आज तेथे जाणाऱ्यास धुळीचा तो लोट दिसावयाचा नाही, कारण त्या भूमीवर नवे शहर वसले आहे. ग्रीसमधील ऑलिम्पियाच्या मैदानाची गत याहूनही वाईट झाली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पौसानियस नावाच्या प्रवाशाने ते पाहून त्याचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले. पुढे आल्फिओस नदीच्या पुरांनी ते गाळाखाली गाडले, आणि २००८ साली जर्मन संशोधकांनी भूचुंबकीय मापनाच्या साहाय्याने त्याच्या खुणा सापडल्याचे जाहीर केले. सारांश, जे मैदान काळाने पुसले ते एका करमणुकीच्या धंद्याने पुन्हा आखून दिले आहे. यात नाक मुरडण्यासारखे मला तरी काही दिसत नाही. सोफोक्लीसच्या 'इलेक्ट्रा' नाटकात ओरेस्टीस डेल्फीच्या रथशर्यतीत चिरडून मेल्याची जी हकीगत वृद्ध सेवक सांगतो, ती पहिल्या शब्दापासून अखेरच्या शब्दापर्यंत खोटी आहे. ओरेस्टीस जिवंत असून दाराशी येऊन ठेपलेला आहे. तथापि ती ऐकून इलेक्ट्रा जे अश्रू ढाळते ते खरे असतात. कल्पित शर्यतीने खरी भावना जागविण्याचा प्रघात असा जुनाच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ग्रीक वाङ्मयातील पहिली मोठी रथशर्यत होमरच्या 'इलियड'च्या तेविसाव्या सर्गात आहे. पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीप्रीत्यर्थ अकिलीस ती भरवितो. तीत उतरणारे सर्व वीर आपापले रथ स्वतः हाकतात. वृद्ध नेस्टर आपल्या पुत्रास, अँटिलोकसास, सांगतो की तुझे घोडे मंद आहेत, परंतु सारथी सारथ्यावर मात करतो ती बुद्धीने. अँटिलोकस त्या उपदेशाचा विपरीत अर्थ घेतो. अरुंद वाटेवर तो आपला रथ मेनेलॉसच्या रथावर असा घालतो की अपघाताच्या भयाने मेनेलॉसला लगाम ढिले सोडणे भाग पडते. अँटिलोकस दुसरा येतो आणि बक्षिसाच्या घोडीवर हक्क सांगतो. तेव्हा मेनेलॉस त्यास म्हणतो की, घोड्यांवर हात ठेव आणि मी कपट केले नाही अशी शपथ घे. अँटिलोकस शपथ घेत नाही. आपण वयाने लहान असून आपली बुद्धी उतावळी ठरली, असे सांगून तो घोडी मेनेलॉसच्या हवाली करतो. मेनेलॉसचेही मन द्रवते, आणि तो ती घोडी त्यास परत देतो.

या प्रसंगात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. रथ ज्याचा, हात त्याचाच आणि मानही त्याचाच. म्हणून कोण जिंकले हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. प्रामाणिकपणे जिंकले की नाही, एवढाच उद्भवतो.

ऑलिम्पियास चार घोड्यांच्या रथांची शर्यत परंपरेप्रमाणे इ. स. पूर्व ६८० मध्ये सुरू झाली, आणि तेथे हे एकत्व फुटले. मैदानास बारा फेरे घालून जो रथ प्रथम येई, त्याच्या सारथ्यास विजेता म्हणत नसत. त्याच्या मालकास म्हणत. ऑलिव्हच्या डहाळ्यांचा मुकुट मालकाचा, आणि विजेत्यांच्या यादीत नाव मालकाचे. मालकाने रथात पाय ठेवला पाहिजे असे नव्हते. मैदानात हजर असले पाहिजे असेही नव्हते. स्पार्टाची राजकन्या किनिस्का हिने इ. स. पूर्व ३९६ व ३९२ या दोन उत्सवांत हा मुकुट मिळविला. वास्तविक त्या स्पर्धांत उतरण्याची स्त्रियांस मुभाच नव्हती. परंतु घोडे तिचे होते, एवढे पुरे झाले. अथेन्सच्या अल्किबायडीसने इ. स. पूर्व ४१६ मध्ये एका शर्यतीत सात रथ उतरविले आणि पहिला, दुसरा व चौथा असे क्रमांक पटकाविले. पुढच्याच वर्षी सिसिलीच्या स्वारीचे सेनापतित्व मागताना त्याने भर सभेत या पराक्रमाचा दाखला दिला. त्या सात सारथ्यांपैकी एकाचेही नाव कोणास ठाऊक नाही.

याहून बोलकी कथा पौसानियस देतो. कॉरिंथच्या फेडोलासची ऑरा नावाची घोडी होती. शर्यत सुरू होताच तिच्यावरील स्वार खाली पडला. घोडी मात्र बिनस्वाराची तशीच धावत राहिली, खांबाशी बरोबर वळली, तुतारी ऐकताच तिने वेग वाढविला, आणि सर्वांच्या आधी पंचांपाशी येऊन, आपण जिंकलो हे जाणून, जागीच थांबली. पंचांनी विजेता म्हणून फेडोलासचे नाव पुकारले. स्वार धुळीत पडलेला होता, धावली ती घोडी होती, आणि मुकुट गेला तो जागेवरून न हललेल्या मनुष्याकडे!

हे सर्व वाचून मालकवर्गावर तुटून पडण्याचा मोह होतो. परंतु न्यायासनावर बसावयाचे तर त्याचीही बाजू ऐकली पाहिजे. घोडे आकाशातून पडत नाहीत. त्यांची पैदास, निगा आणि शिक्षण यांत वर्षे जातात आणि संपत्ती खर्ची पडते. उत्तम घोडा ओळखणे आणि उत्तम सारथी निवडणे हीही एक विद्याच आहे. मालक नसता तर तो कुशल सारथी कोणाचे लगाम धरणार होता? हा युक्तिवाद खोटा नाही. त्यास उत्तर दिले ते मात्र खुद्द एका राजाने. झेनोफोन सांगतो की, स्पार्टाचा राजा आगेसिलॉस यानेच आपली बहीण किनिस्का हिला रथाचे घोडे पाळण्यास प्रवृत्त केले. या शर्यतीतील विजय हा पुरुषार्थाची खूण नसून केवळ संपत्तीची खूण आहे, हे त्यास लोकांस दाखवून द्यावयाचे होते. स्वतःच्याच बहिणीच्या विजयाने विजयाची किंमत उघडी करणारा हा राजा मला मोठा मार्मिक वाटतो. बिचाऱ्या किनिस्काच्या आनंदाचा विचार त्याने केला की नाही, हे निराळे.

विचार करू गेल्यास विजयाचे तीन घटक दिसतात. साधन, कौशल्य आणि धोका. होमरच्या वीरात हे तिन्ही एकत्र होते. ऑलिम्पियास साधन मालकाकडे गेले. कौशल्य आणि धोका सारथ्याकडे राहिले. केवळ धोका पत्करल्याने विजयाचा हक्क मिळत नाही हेही मान्य केले पाहिजे. सम्राट नीरो इ. स. ६७ मध्ये ऑलिम्पियास दहा घोड्यांचा रथ स्वतः हाकीत उतरला, रथातून पडला, पुन्हा चढविला गेला, तरी शर्यत पुरी करू शकला नाही. पंचांनी त्यास मुकुट दिला तो दिलाच, आणि त्याने पंचांस द्रव्य दिले. साधन होते, धोकाही होता; नव्हती ती विद्या. या मुकुटास कोणी विजय म्हणणार नाही. उलट लगाम ज्याच्या हाती आहेत आणि मान ज्याची मोडावयाची आहे, तो मनुष्य रथाचा धनी नसला तरी विजयाचा वाटेकरी नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

ग्रीकांसही हे अगदीच कळत नव्हते असे नाही. इ. स. पूर्व ४६२ मध्ये किरीनीच्या आर्केसिलास राजाचा रथ डेल्फीस जिंकला. त्या विजयावर गीत रचताना पिंडारने राजाबरोबर त्याच्या सारथ्याचेही, कारोटोसचेही, नाव घेतले आणि चाळीस सारथी पडले असता याने रथ अभंग राखला अशी त्याची वाखाणणी केली. कारोटोस राजाच्या नात्यातला होता, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. ज्याचे नाते नव्हते त्याचे काय झाले याचा साक्षीदार डेल्फीच्या पदार्थसंग्रहालयात उभा आहे. १८९६ साली फ्रेंच संशोधकांस तेथे उत्खननात एक पुरुषभर उंचीचा ब्राँझचा सारथी सापडला. अंगात लांब झगा, मस्तकावर विजयाची पट्टी, हातात लगामाचे अवशेष, आणि अजून शाबूत असलेले, समोर स्थिर पाहणारे डोळे. रथ गेला, घोड्यांचे काही तुकडे तेवढे उरले. बैठकीच्या दगडावर नाव आहे ते पोलिझालोसचे. हा सिसिलीतील गेला नगरीचा सत्ताधीश. मालकाचे नाव राहिले पण त्याचा चेहरा कोणास ठाऊक नाही. सारथ्याचा चेहरा अवघ्या जगास ठाऊक झाला, पण त्याचे नाव कोणीही सांगू शकत नाही. काळाने दोघांत केलेली ही वाटणी पाहून मन क्षणभर थबकते.

आपणही या बाबतीत फार उंचावरून बोलू नये. कर्णाला भर रंगभूमीवर टोचून बोलले गेले ते सूतपुत्र म्हणूनच. रथ हाकणे हे हीन, आणि रथातून बाण सोडणे हे थोर, ही विभागणी आपल्या महाकाव्याने नोंदविलेली आहे. त्याच महाकाव्याने प्रत्यक्ष भगवंतास लगाम हाती धरावयास लावून त्या विभागणीस उत्तरही दिले. परंतु आपण त्या उत्तराची पूजा केली आणि विभागणी मात्र व्यवहारात कायम ठेवली.

आता माझ्या पुतण्याकडे परत येऊ. त्याने साधन विकत घेतले, तेही अल्प मोलाने. कौशल्य त्याचे स्वतःचे होते. दोन वेळा वळणावर चुकून तिसऱ्या वेळी लगाम केव्हा आवरावा हे तो शिकला, आणि ते त्याच्याऐवजी दुसऱ्या कोणी शिकले नाही. धोका मात्र कोणताच नव्हता. म्हणून त्याचा विजय लहान. परंतु जेवढा आहे तेवढा त्याचाच. सात रथ पाठवून सभेत मिरविणाऱ्या अल्किबायडीसपेक्षा 'तो मीच की' असे म्हणणारा हा मुलगा सत्याच्या अधिक जवळ आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. एकच गोष्ट मला त्या खेळात खटकते. त्यात पडलेला मनुष्य पडलेला राहत नाही. शर्यत पुन्हा सुरू होते, आणि जे चिरडले गेले ते पुन्हा रांगेत ताजेतवाने उभे असतात. कोणाचेही काही देणे उरत नाही. खऱ्या मैदानावर ते उरत असे, आणि ग्रीकांनी त्यासाठी जागाही राखून ठेवली होती.

ऑलिम्पियाच्या मैदानात एका ठिकाणी वर्तुळाकार वेदी होती. तिचे नाव तारक्सिप्पोस, म्हणजे घोड्यांस भेडसावणारा. तेथून जाताना घोडे उघड कारण नसता बिथरत, रथ मोडत, सारथी जखमी होत. म्हणून सारथी तेथे आधीच नैवेद्य अर्पण करीत. हे भय कोणाचे, याविषयी पौसानियसने अनेक आख्यायिका दिल्या आहेत. त्यांपैकी एक मिर्टिलोसची. मिर्टिलोस हा ओइनोमाओस राजाचा सारथी. राजाच्या कन्येसाठी झालेल्या शर्यतीत पेलोप्सच्या बाजूने फितून त्याने आपल्या धन्याच्या रथास मेणाची खीळ बसविली, असे सांगतात. पेलोप्स जिंकला, आणि ज्याच्यामुळे जिंकला त्या सारथ्यास त्याने समुद्रात ढकलून दिले. पुढे त्याच पेलोप्सने मृताचा कोप शांत व्हावा म्हणून त्याच्या नावे रिकामी समाधी उभारली. तोच हा तारक्सिप्पोस. मिर्टिलोस काही साधू नव्हता. तरीही ज्याचे देणे बुडविले त्याची समाधी विजयाच्या मैदानातच असावी, आणि प्रत्येक फेऱ्यास तिच्यावरून जावे लागावे, ही कल्पना ज्यास सुचली त्यास मनुष्याचे मन चांगलेच ठाऊक असले पाहिजे.

मला ही कथा पूर्वीपासून माहीत होती. वर्गात ती मी रंगवून सांगतही असे. यंदा मात्र ती माझ्यावरच उलटली. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी एका इंग्रजी निबंधसंग्रहाचे संपादन केले. त्या वेळी नुकताच एम. ए. झालेला माझा एक विद्यार्थी नोकरीच्या शोधात होता. त्यास मी दरमहा काही रक्कम देऊ केली आणि टीपांचे काम सोपविले. दोनतृतीयांश टीपा त्याने लिहिल्या. मी त्या वाचल्या, कोठे एखादा शब्द बदलला, आणि पुस्तक माझ्या नावाने बाहेर पडले. प्रस्तावनेत 'एका विद्यार्थ्याचे साहाय्य झाले' असे एक वाक्य आहे. नाव नाही. पुढे एकदा एका वडीलधाऱ्या प्राध्यापकांनी चारचौघांत त्यातील एका टीपेची तोंड भरून स्तुती केली. मी नम्रपणे मान लवविली. त्या टीपेत काय होते हे मला आठवत नव्हते. घरी येऊन मी ती उघडून वाचली, आणि ती खरोखरच उत्तम होती.

पुतण्या गेल्यावर मी त्या विद्यार्थ्यास पत्र लिहिले. तो आता एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकवितो. आठ दिवसांत उत्तर आले. "सर, त्या पैशांवर आमचे त्या वर्षीचे घरभाडे निघाले. आपण मनास लावून घेऊ नये." ते वाचून मला हायसे वाटले, आणि थोड्या वेळाने त्या हायसे वाटण्याचीच लाज वाटली. घरभाडे हे त्याच्या वेळेचे मोल होते. नावाचे मोल त्यात आलेले नव्हते. अँटिलोकसाने घोडी परत दिली आणि मेनेलॉसने ती पुन्हा त्यासच दिली, यात दोघांचा मोठेपणा खरा. परंतु त्यासाठी आधी घोडी आणून समोर उभी करावी लागते. माझ्याजवळ आणण्यासारखे काय आहे? दुसरी आवृत्ती निघण्याचा संभव नाही, असे प्रकाशक म्हणतात. माझ्या स्वतःच्या प्रतीच्या मुखपृष्ठामागे मी त्याचे नाव शाईने लिहिले आहे, आणि महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील प्रतीतही, ग्रंथपालांची परवानगी घेऊन, तशी नोंद केली आहे. हे फार थोडे आहे, हे मी जाणतो.

या लेखात तरी त्याचे नाव छापावे, म्हणून मी त्याची अनुमती मागितली होती. "कृपा करून घालू नये, लोकांस उगाच काहीतरी वाटेल," असे त्याने कळविले. त्याची इच्छा मोडण्याचा मला अधिकार नाही. त्यामुळे हा लेखही माझ्याच नावाने प्रसिद्ध होत आहे, आणि यातही सारथ्याचे नाव नाही.